गळाचं मूल

जोग्जा, ५ ऑक्टोबर

प्रिय ताई,

गुडघे टेकून सलाम. पत्र बघून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलं नाही, सुगेंगने दुसरं लग्न केलेलं नाही. त्याची पाठ दुखते आणि ती दुखते असं तो सगळ्यांना सांगत हिंडतो, एवढंच. वोनोसोबोत आता दुपारीच धुकं उतरत असेल. तुझ्या बालवाडीतली पोरं दोन-दोन स्वेटर घालून भोपळ्यांसारखी दिसत असतील.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू विचारतेस, "सगळं बरं ना?" मी म्हणते, "बरं." मग आपण पावसाकडे वळतो. पाऊस संपला की फोन संपतो. म्हटलं, कागदावर बघू काय होतं.

कार्यालयाने मला समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासाला पाठवलं हे तुला ईदला सांगितलं होतं. तू म्हणालीस, "या वयात? परीक्षेच्या दिवशी तुला अंडं कोण उकडून देणार?" तर, अंड्याविना चाललं आहे. वर्गात मी सगळ्यांत मोठी. मुलं मला काकू म्हणतात, माझी टिपणं मागून नेतात, आणि मोबाइलमध्ये मला काही सापडलं नाही तर इतक्या मायेने दाखवतात की मला आपण त्यांच्या आजीच आहोत असं वाटायला लागतं.

गुरुवारची दुपार मला फार आवडते. तेव्हा हस्तुती मॅडमचा तास असतो. प्रत्येकाने आपल्याला कशावर संशोधन करायचं आहे ते सांगायचं. कुणाच्या मुलाखती झाल्या असतील तर त्यातला तुकडा वाचून दाखवायचा, आणि बाकीच्यांनी त्याची सालं काढायची. मॅडम साठीच्या आहेत, केस अगदी बारीक कापलेले, आवाज त्याहून बारीक. विषय कोणताही असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "हे तुला कुठे चावलं?"

योनास नावाचा मुलगा आहे, फ्लोरेस बेटावरचा. बायका मलेशियात घरकामाला गेल्यावर मागे राहिलेले नवरे, हा त्याचा विषय. मॅडमनी विचारलं, कुठे चावलं? तो म्हणाला, "स्वयंपाकघरात, मॅडम. आई गेली तेव्हा बाबांना भात मी शिकवला. ते अजून पाणी जास्त घालतात." सगळे हसले, आणि मग एकाएकी सगळ्यांचंच हसू थांबलं.

माझा विषय एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका. मॅडमनी मलाही तेच विचारलं. मी म्हटलं, "कार्यालयात त्यांचे मदतीचे अर्ज येतात." "अर्ज चावत नाहीत," असं म्हणून त्या पुढच्याकडे वळल्या. तेव्हापासून रोजनिशीत मी रोज थोडं शोधते. अजून जखम सापडलेली नाही.

दुसऱ्यांच्या जखमांचं मात्र मला भारी कुतूहल. घरी येताना बसमध्ये मी एकेकाचा विषय घेते आणि त्यामागचं घर मनात उभं करते. त्या घरात कोण बसलं असेल, कोण उठून गेलं असेल. ही सवय चांगली की वाईट, मला ठरवता येत नाही. अभ्यासाला तिचा उपयोग होतो हे खरं. पण गल्लीतल्या चौकस बाईलाही तीच सवय असते.

वर्गात एक वेनिंग आहे. चोवीस-पंचवीसची असेल, तुमच्याच बाजूची. नेहमी नुकतीच झोपेतून उठल्यासारखी दिसते आणि तासाला तळलेलं तोफू खाते. तिचा विषय ऐकून योनास गोंधळला, कारण त्यांच्या बेटावर हा प्रकार नाही. म्हणून तिने समजावून सांगितलं. "आमच्या जावात लग्नाला वर्षं झाली आणि मूल नसलं की दुसऱ्याचं एखादं मूल आणून वाढवतात. त्याच्या ओढीने आपलं येतं म्हणतात. त्याला गळाचं मूल म्हणायचं."

योनास म्हणाला, "आणि मासा लागल्यावर गळाचं काय करतात?"

"तोच तर माझा विषय आहे," वेनिंग म्हणाली.

मॅडमनी विचारलं, कुठे चावलं? ती म्हणाली, "कुठेच नाही, मॅडम. नुसतं कुतूहल आहे. नुसतं कुतूहल चालत नाही का?" "चालतं," मॅडम म्हणाल्या. "पण ते फुकट मिळत नाही. बघशील."

मी त्या वेळी वहीच्या कोपऱ्यात झाडं काढत होते. परवाच्या गुरुवारी तिने एका मुलाखतीतला तुकडा वाचला. तो मी इथे लिहीत नाही. वर्गातलं वर्गात ठेवायचं, असं आमचं ठरलेलं आहे.

तुला एक विचारते. माझ्या वाढदिवसाला आई पिवळ्या भाताचा डोंगर करायची, आठवतो? शेंडा कापून पहिला तुला द्यायची. मला त्याचा इतका हेवा वाटायचा! वाढदिवस माझा आणि शेंडा तुझा. एकदा मी तुझ्या ताटातलं अंडं पळवलं होतं. तुला तेव्हा कसं वाटायचं? अंड्याचं नव्हे, शेंड्याचं विचारते. सहज मनात आलं म्हणून.

"सहज" हा शब्द मी खोडला होता. पुन्हा लिहिला आहे. तो खरा नाही, पण आज मला त्याच्याशिवाय विचारता येत नाही.

तुझी,
विगाती


जोग्जा, ३० ऑक्टोबर

प्रिय ताई,

सलाम. मोबाइलवरचा तुझा निरोप ऐकला. "भाताचं काय विचारतेस? पत्रं लिहायला लागलीस म्हणजे नक्की नवऱ्याशी भांडलीस. आणि अंडं तू एकदा नाही, दर वर्षी पळवायचीस." मी हसले. सुगेंगलाही ऐकवला. तो म्हणाला, "बघ, माझ्यावरच आलं." शेंड्याबद्दल तू एक अक्षर बोलली नाहीस, हे माझ्या लक्षात आलं. आणि ते लक्षात येताच मला माझीच लाज वाटली, कारण उत्तर मला आधीच माहीत होतं.

आता नीट सांगते.

मुलाखत देणाऱ्यांची खरी नावं आमच्याकडे वाचत नाहीत. नवी नावं द्यायची असतात. आणि का कोण जाणे, आमची सगळी मुलं फुलांचीच नावं देतात. जाईबाई, गुलाबबाई, चाफाबाई. योनास एकदा म्हणाला, "हे संशोधन आहे की रोपवाटिका?" तर त्या गुरुवारी वेनिंगने एका गुलाबबाईंची मुलाखत वाचली. गुलाबबाई पन्नाशीच्या, डोंगराळ गावात राहतात, नोकरी करतात. एवढंच सांगितलं होतं. अशा हजार असतील. मी शांतपणे ऐकत होते.

तिने वाचलं ते असं:

"मला चौथ्या वर्षी आणलं. कशासाठी आणलं ते सगळ्या गल्लीला माहीत होतं, मलाही. त्याची लाज वगैरे नव्हती, उलट मान होता. धाकटी झाल्यावर तर विचारूच नका. तिच्या दर वाढदिवसाला पिवळ्या भाताचा शेंडा कापून आई पहिला मला द्यायची आणि चारचौघांत म्हणायची, हिच्या पायगुणाने धाकटी आली. बायका माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या. तो घास माझ्या घशाखाली उतरायचा नाही. घरच्या माणसाचे कोणी आभार मानतं का? आभार पाहुण्याचे मानतात. गंमत अशी की लहानपणी मीच धाकटीला पाहुणीबाई म्हणायचे. ती रांगत आली की सगळे सरकून जागा द्यायचे ना, म्हणून. पाहुणी कोण होतं ते मला फार उशिरा कळलं."

भाताचा शेंडा कुठल्याही घरातला असू शकतो. पाहुणीबाई मात्र एकाच घरातली आहे.

पहिल्या दिवशी मॅडमनी सांगून ठेवलं होतं की मुलाखतीतलं माणूस ओळखीचं निघालं तर तिथल्या तिथे हात वर करायचा आणि वाचन थांबवायचं. मी हात वर केला. वेनिंग थांबली. आणि ताई, मी म्हणाले, "पुढे काय म्हणाल्या त्या?"

ओळखलं असं सांगण्यासाठी वर केलेला हात मी आणखी मागण्यासाठी वापरला. तो उचलला त्या क्षणी माझ्या मनात नक्की काय होतं, हे मी रोजनिशीत तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून पाहिलं. तिन्हीत मी थोडी बरी दिसते, म्हणून तिन्हींवर माझा विश्वास नाही.

"पुढची मुलाखत झाली आहे, पण ती नोव्हेंबरमध्ये वाचणार," वेनिंग म्हणाली. मी खाली बसले आणि दिवस मोजू लागले. मग तुला ते पत्र लिहिलं, सहज शब्द घालून. म्हणजे वर्गात बसून तुझं ऐकायचं आणि घरी बसून तुझ्याकडूनही काढून घ्यायचं. माझ्या हाताखालच्या मुलीने एखाद्या म्हातारीशी असं केलं असतं तर मी तिला त्या कामावरून काढलं असतं.

काल मी वेनिंगला उपाहारगृहात गाठलं आणि सांगितलं. तोफू तिच्या हातात तसंच राहिलं.

"म्हणजे, काकू, ती धाकटी तुम्ही?"

"मी."

"अल्ला! मी त्या धाकटीवर अख्खं पान लिहिलंय."

"काय लिहिलंयस?"

"सांगता यायचं नाही. नियम आहे."

"बरोबर आहे."

"तसं फार वाईट नाहीये."

"वेनिंग!"

"पण चांगलंही नाहीये, खोटं कशाला बोलू." मग बिचारी रडवेली झाली. "आता त्या सगळंच काढून घेतील का हो? माझ्याशी इतकं मोकळं दुसरं कोणीच बोललेलं नाही. बाकीच्या सगळ्या म्हणतात, छान होतं, खूप प्रेम मिळालं. काकू, माझं सगळं काम या एका बाईवर उभं आहे."

आम्ही दोघी मॅडमकडे गेलो. मॅडम मला रागावल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणाल्या, "बाईंना कळवायलाच हवं. निर्णय त्यांचा. वेनिंग, तू फोन कर." मी म्हटलं, आधी मला लिहू द्या. त्यांनी थोडा विचार केला. "लिही. पण पत्रात तिला काही मागायचं नाही."

तेव्हा मागत नाही, नुसतं मांडते. तू म्हणालीस तर वेनिंग तुझं सगळं बोलणं पुसून टाकेल, वर्गातून आणि तिच्या प्रबंधातूनही. तू म्हणालीस की तिचं काम चालू दे पण विगाला ऐकवू नका, तर वीस नोव्हेंबरला ती वाचत असेल तेव्हा मी बाहेर चिकूच्या झाडाखाली बसेन, आणि त्या पानांना कधी हात लावणार नाही. फोन वेनिंगला कर. मला करायची गरज नाही.

मला ऐकायचं आहे, हे मात्र लिहिते. ते लिहिलं नाही तर बाकीचं पत्र खोटं ठरेल. लहानपणापासून तू समोर होतीस आणि मला तुझ्याबद्दल कधी काही विचारावंसं वाटलं नाही. शेजारच्या मांजरीला पिल्लं किती झाली याचं मला कुतूहल होतं. आणि आता मी भिंतीला कान लावून उभी आहे. ऐकण्याचा मला काही हक्क नाही हे कळतं.

विगाती


जोग्जा, २२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सलाम आणि पायांवर डोकं.

तुझा निरोप मी कार्यालयाच्या आवारात, गाडीवर बसल्या बसल्या, हेल्मेट न काढता ऐकला. पुन्हा ऐकला. पहारेकरी येऊन विचारून गेला, "मॅडम, गाडी चालू होत नाहीये का?"

तुझे शब्द मी रोजनिशीत जसेच्या तसे उतरवून घेतले आहेत. इथेही लिहिते, म्हणजे मी त्यात माझ्या सोयीने काही बदललेलं नाही हे तुला दिसेल.

"विगा, पत्र मिळालं. चार पानं, आणि मुद्दा तिसऱ्या पानावर. माझ्याकडची पोरंसुद्धा शू लागली की आधी सांगतात गं. आता ऐक. ती वेनिंग आली तेव्हा दारातच म्हणाली, मी अमुक ठिकाणी शिकते. तू तिथेच आहेस हे मला काय माहीत नव्हतं? ईदला तूच सांगितलंस ना? मी तिला विचारलं, हे वर्गात वाचता का? म्हणाली, नाव बदलून वाचतो. म्हटलं, बदल मग नाव. आणि पाहुणीबाई हे काय मी चुकून बोलले होय? इतकी वर्षं पोरांना शिकवते आहे, कुठलं वाक्य कुठल्या पोराच्या कानात जाणार ते मला बरोबर कळतं."

मग मागे पोरांचा गलका आहे. तू कुणाला तरी म्हणतेस, "चप्पल उलटी घातलीस." आणि पुन्हा माझ्याकडे वळतेस.

"तुझ्या समोर बसून बोलले असते तर तू रडली असतीस. मग मी तुझे डोळे पुसले असते, तुला चहा दिला असता, आणि माझं सांगायचं राहून गेलं असतं. आजवर असंच होत आलं. त्या पोरीचं तसं नाही. तिचं तोंड खाण्यात आणि हात लिहिण्यात. तिला सांगता आलं. तर तू वर्गात बस आणि ऐक. मध्ये बोलायचं नाही."

मी चोरून ऐकते आहे या अपराधीपणात महिनाभर काढला, आणि तू मला ऐकवत होतीस. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण थोडंच. जे तोंडावर सांगता येत नाही म्हणून तुला एक परकी मुलगी, एक खोटं नाव आणि एक अख्खा वर्ग मध्ये घालावा लागला, त्याचं कारण माझं रडणं. रडणाऱ्याची दया येते सगळ्यांना. रडणारा किती जागा अडवतो ते कोणी बघत नाही.

गुरुवारी मी खिडकीजवळ बसले. मॅडमनी वेनिंगला विचारलं, "बाईंची परवानगी आहे?" तिने होकार दिला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज तुझा हात खाली." योनास उगाचच माझ्या शेजारी येऊन बसला आणि माझ्यापुढे पाण्याची बाटली ठेवली.

वेनिंगने वाचलं:

"मी बारा वर्षांची असताना आईची मामेबहीण आली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. म्हणाली, तुझी पोरगी गुणाची आहे, थोडे दिवस आम्हाला दे. लागलेल्या गळाला मागणी असतेच. आईने माझं सामान बांधलं. मावशी फार प्रेमळ होती. मला नवे कपडे शिवले, माझ्या आवडीच्या भाज्या केल्या. मी रोज सकाळी तिच्या पोटाकडे बघायचे. शाळेतून आले की परत बघायचे. नमाजात तेवढंच मागायचे. दोन पावसाळे गेले, काही झालं नाही. मग एक दिवस मला परत आणून सोडलं. कोणी काही बोललं नाही. आई म्हणाली, हातपाय धू, जेवायला बस. मला वाटत होतं, कोणीतरी रागवावं. म्हणजे माझं काय चुकलं ते तरी कळेल. अजूनही एखाद्या घरात मूल नाही असं समजलं की त्या घरी मी जात नाही. काहीतरी कारण सांगते."

वेनिंगने विचारलं होतं, आता तुम्हाला त्याचं काय वाटतं? त्यावर तू म्हणालीस, "मी शिकलेली बाई आहे. असं काही नसतं हे मला ठाऊक आहे. पण त्या पोरीला कोणी सांगितलंच नाही ना."

मी रडले नाही. रडू येत होतं, पण आलं असतं तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं, आणि ती दुपार तुझी होती. मॅडमही नेहमीसारखं काही सोलत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "आज प्रश्न नकोत. जा, चहा प्या."

मला त्या दिवसांचं आठवतं ते एवढंच की मावशीच्या गावची शाळा चांगली म्हणून तू तिकडे शिकायला गेलीस, असं मला सांगितलं होतं. तू नव्हतीस तेव्हा मी आपल्या गादीवर आडवी पसरून झोपायला शिकले होते. तू परत आलीस त्या रात्री तुला जागा द्यावी लागली म्हणून मी भोकाड पसरलं. आणि तू भिंतीला चिकटून झोपलीस.

बाहेर आल्यावर वेनिंगने मला गाठलं. "गुलाबबाईंचा फोन आला होता. तिसरी मुलाखत मला देणार नाहीत. म्हणाल्या, तिसऱ्या वेळी धाकटीला पाठव, येताना वही आणायची नाही म्हणावं." मग मोठा उसासा टाकून म्हणाली, "काकू, माझं शेवटचं प्रकरण तुमच्या घरात गेलं." मी म्हटलं, तुझं नुकसान झालं. ती म्हणाली, "झालंच. पण मॅडम म्हणाल्या, जिथे बाई बोलायच्या थांबल्या तिथेच प्रबंध थांबव, पुढचं रचू नकोस. आता मला रोज रात्री वाटत राहणार, तिसऱ्या वेळी काय बोलल्या असतील?" आणि मिश्किलपणे बघत राहिली. मी काही सांगणार नाही, हे तिला माहीत आहे.

तर शनिवारी सकाळच्या बसने मी निघते. वही आणत नाही. पण येण्याआधी एक गोष्ट कागदावर देते, कारण ती तोंडाने सांगायला लागले तर मी नक्की रडेन आणि तू उठून चहा ठेवशील. तिसरं पान उलटून गेलंच आहे, त्याबद्दल माफ कर.

आईच्या शेवटच्या आजारपणात मावशी क्लातेनला आपल्या घरी येऊन राहिली होती, आठवतं? तू सुट्टी मिळेल तशी येऊन जायचीस. एका दुपारी मी चहा घेऊन खोलीत गेले तेव्हा दोघी बोलत होत्या. काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, ऐन विशीत गालगुंड झालं होतं. मूल होणार नाही, हे सोलो शहरातल्या डॉक्टरांनी त्यांना लग्नाआधीच सांगितलं होतं. काकांनी ते कोणालाही कळू दिलं नाही, मावशीलाही नाही. मरायच्या थोडं आधी त्यांनी तिला सांगितलं. आई ऐकत होती आणि मावशीचा हात चोळत होती. मला वाटलं, हे मावशीचं दुःख आहे. मी कप ठेवले आणि बाहेर आले. ते तुझंही होतं, हे मला परवाच्या गुरुवारी कळलं. आईला तेव्हा कळलं होतं का? माझ्या मते कळलं होतं, आणि सांगायला तिला धीर झाला नाही. पण ही माझी कल्पना आहे. तिला मी विचारलं नाही, आता विचारता येत नाही.

म्हणजे ज्या पोटाकडे तू दोन पावसाळे बघत राहिलीस ते कुणाच्याच पायगुणाने वाढणार नव्हतं. तुझं काही चुकलं नव्हतं. कोणी रागवलं नाही, कारण रागवण्यासारखं काही नव्हतंच.

इथे थांबले असते तर सोपं होतं. पण काल दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही. तिथे पायगुण नसेल तर आपल्या घरीही नव्हता. माझ्या जन्माची गोष्ट मला जशी सांगितली गेली, तशी ती मला फार आवडायची. तू आलीस, तुझ्या ओढीने मी आले. माझ्या लेकीला, लारासला, मी ती झोपताना सांगितली आहे. ती सोडताना मला जड जातं, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण माझं येणं तुझ्या नावावर ठेवलं, तर मावशीकडचं न येणंही तुझ्याच नावावर राहतं. एक ठेवून दुसरं पुसता येत नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला.

म्हणून लिहून देते, ताई. मी तुझ्यामुळे आले नाही. मी आपली आले. आणि आले तेव्हा तू घरात होतीस, माझ्या आधीपासून.

तुझी धाकटी बहीण,
विगाती